दीड हजार डॉलरात अचूक टार्गेट रायफल: हिशोब, जुगाड आणि फजिती

सव्वाइंची

राम राम मंडळी. मागे दिवाळीत एकाने विपुत (विचारपुशीत) विचारलं होतं की तुमच्या त्या रायफलचं काय झालं, तेव्हापासून लिहायचं राहिलं होतं. आज बाहेर पाऊस आहे आणि रेंज बंद, म्हणून बसलोय.

आधी पार्श्वभूमी. मी टेक्सासात, डॅलसपासून तासाभरावर राहतो. क्लबात दर महिन्याला ६०० यार्डावर एफ-क्लासची मॅच असते. पालथं पडायचं, पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू), मागे वाळूची पिशवी, स्कोपमधून (दुर्बिणीतून) बघून कागदाला भोकं पाडायची, बस. शिकार नाही, मारामारी नाही. त्यातला एफ-टीआर प्रकार मी धरला कारण त्यात .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ विंचेस्टर ही दोनच काडतुसं चालतात आणि बायपॉड-स्कोपसकट वजन ८.२५ किलोच्या आत लागतं. म्हटलं नियमानेच हात बांधलेत तर खिसाही आपोआप बांधला जाईल. तसं काही होत नाही हे नंतर कळलं, शेजारच्या मॅटवरच्या माणसाची रायफल माझ्या गाडीपेक्षा महाग निघाली.

घरून मंजूर बजेट दीड हजार. एक डॉलर जास्त नाही.

तर घेतलं काय. सेकंडहँड सॅव्हेज १०, .३०८ मध्ये, ४२० डॉलर. दिसायला अगदीच भंगार, बोल्टच्या मुठीवरचा रंग उडालेला. पण मला त्यातली फक्त ॲक्शन (बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो मधला भाग) हवी होती. सॅव्हेजच का, तर हे डिझाइन १९५८ च्या मॉडेल ११० पासून चालत आलंय आणि मुळात स्वस्तात बनावं म्हणूनच तसं केलेलं आहे. बॅरल एका मोठ्या नटाने आवळलेलं असतं. रेमिंग्टन ७०० सारख्या रायफलीत बॅरलचा खांदा ॲक्शनला टेकतो, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने नवीन बॅरल बसवायचं तर ते लेथवर त्या ॲक्शनपुरतं मापून घ्यावं लागतं, गनस्मिथकडे रांग आणि वर मजुरी. सॅव्हेजमध्ये हेडस्पेस (काडतूस बसायच्या जागेची खोली) नट फिरवून जुळवता येतो. शिवाय बोल्टचं डोकं थोडं हलतं असतं, त्यामुळे दोन्ही लग (बोल्ट अडकवणारे दात) बऱ्यापैकी सारखे टेकतात. म्हणजे ज्या गोष्टीला लोक स्वस्तातली म्हणून नाक मुरडतात तीच आपल्या कामाची.

बॅरल ३८५ चं. २६ इंची, जाड, आतल्या खाचांना दहा इंचात एक पीळ, म्हणजे १७५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) मॅच बुलेट आरामात स्थिर होते. बनवणाऱ्याने सहा आठवडे सांगितले होते, चौदा लागले, फोन केला की तीच बाई तेच वाक्य म्हणायची. नाव घेत नाही, माल चांगला दिला.

बाकी: लॅमिनेटेड लाकडाचा वापरलेला दस्ता १५०, बेडिंगचं (ॲक्शन दस्त्यात नीट टेकवायचं) इपॉक्सी ३०, जुना स्कोप ४००, तो बसवायची रेल आणि रिंगा ११०. बेरीज १४९५. पाच डॉलरचे टाको खाल्ले.

यात बायपॉड आणि वाळूची पिशवी धरलेली नाही, ती क्लबातल्या एका भल्या माणसाने वापरायला दिलीयेत. ट्रिगरवर एक पैसा घातला नाही, सॅव्हेजचा ॲक्युट्रिगर जसा आला तसा हलका करून ठेवला, पुरतो. फोटोत छान दिसणारं ॲल्युमिनियमचं चॅसी घेतलं नाही. मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा, झटका कमी करणारा तुकडा) एफ-क्लासमध्ये चालतच नाही, तो प्रश्न मिटला.

आता फजिती. जुन्या बॅरलवर दहा गोळ्यांचा ग्रुप (सर्वात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर) सरासरी १.७ एमओए यायचा. (माहीत नसलेल्यांसाठी: एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, १०० यार्डावर साधारण १.०५ इंच, १०० मीटरवर २.९ सेंमी.) नवं बॅरल बसवलं, सुरुवातीला कंपनीच्या प्लॅस्टिकच्या दस्त्यातच, आणि ग्रुप आला १.६. तीन रात्री झोप नाही. बॅरल खराब, मी खराब, देव खराब. बॅरल दस्त्याला टेकतंय का हे बघायला सगळे करतात तसं एक डॉलरची नोट मधून सरकवून बघितली, सरकन गेली. मग कोणीतरी म्हणालं, अरे टेबलावर आडवी ठेवून काय बघतोस, बायपॉडवर उभी कर, पुढे रेलून भार दे आणि मग बघ. नोट अडकली! प्लॅस्टिकचा पुढचा भाग वजनाने वाकून बॅरलला उजवीकडून चिकटत होता, तोही दर गोळीला वेगळा. लाकडी दस्ता त्यानंतर घेतला.

लाकडात इपॉक्सीचं बेडिंग करून, स्क्रू टॉर्क रेंचने आवळून, पाच वेळा दहा-दहा गोळ्या मारल्या: ०.८४, १.०२, ०.७९, ०.९५, १.१०. सरासरी ०.९४. एकदा तीन गोळ्यांचा ०.३१ पण आलाय, फोटो काढून ठेवलाय, नातवंडांना दाखवीन.

प्रश्न विचारा, जमेल तसं सांगतो.

टूलरूम_भोसरी

वा! बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही पण तुमचा बेडिंगचा किस्सा वाचून हसू आलं, कारण हे आमचं रोजचं आहे. लेथ नवीन आला की लेव्हल न बघता फाउंडेशन बोल्ट आवळले की बेड पिळतो आणि मग लांब जॉबवर टेपर येतो आणि ऑपरेटर शिव्या खातो. मशीन तेच, फक्त खाली नीट टेकलेलं नाही. तुमची ॲक्शन म्हणजे आमचा बेड, इपॉक्सी म्हणजे ग्राऊटिंग.

एक सांगा, पीळ उरला नाही हे तपासलं कसं? आम्ही तर डायल गेज लावतो.

सव्वाइंची

@टूलरूम_भोसरी साहेब, अगदी तेच! मॅग्नेटिक स्टँड बॅरलवर, डायलची टोच दस्त्याच्या पुढच्या टोकावर. मग पुढचा स्क्रू हळूहळू सैल करायचा. काटा दोन थाउच्या (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वर हलला तर समजायचं की स्क्रूने ॲक्शनला धनुष्य केलंय. माझ्या प्लॅस्टिकच्या दस्त्यात तो अकरा थाउ हलला होता. आता एकपर्यंत. डायल पण भोसरीचीच आहे, वडिलांची, ते निवृत्त झाले तेव्हा मी उचलून आणली.

टूलरूम_भोसरी

अकरा थाउ म्हणजे पाव मिलिमीटरच्या वर! आमच्याकडे एवढ्यावर मेमो मिळतो. डायल जपा, वडिलांना नमस्कार सांगा.

खोडसाळ_गणिती

लेख आवडला पण त्या ०.३१ च्या फोटोवरून जरा बोलू द्या, नाहीतर मला झोप लागणार नाही.

सव्वाइंची, तुमचे आकडे प्रामाणिक आहेत म्हणूनच सांगतो. गोळ्या जर साध्या नॉर्मल पद्धतीने विखुरत असतील आणि प्रत्येक दिशेतलं प्रमाण विचलन सिग्मा असेल तर सर्वात लांबच्या दोन भोकांमधलं सरासरी अंतर तीन गोळ्यांना २.४१ सिग्मा, पाचला ३.०७, दहाला ३.८१ आणि वीसला ४.४३ सिग्मा येतं. म्हणजे तीच रायफल, तोच माणूस, नुसत्या गोळ्या तीनच्या दहा केल्या की ग्रुप दीडपटीहून मोठा दिसतो. तुमच्या ०.९४ वरून सिग्मा निघतो ०.२५ च्या आसपास, त्यावरून तीन गोळ्यांचा सरासरी ग्रुप ०.५९ पडायला हवा. ०.३१ हा त्यातला नशिबाचा. नातवंडांना सरासरी पण दाखवा.

लोक तीन-तीन गोळ्यांवरून "हा ब्रँड माझ्या रायफलला चालतो, तो चालत नाही" ठरवतात तेव्हा त्यातलं निम्मंअधिक हे नाणेफेक असतं. चार कंपन्यांच्या तीन-तीन गोळ्या मारल्या की एक तरी ग्रुप छान येणारच, मग त्याचा खोका घरी येतो आणि पुढच्या शनिवारी "आज हवा खराब होती".

सव्वाइंची

हे वाचून उठून फोटो फ्रिजवरून काढला. (खोटं आहे, अजून तिथेच आहे.) पण तुमचं शंभर टक्के पटलं, म्हणूनच दहाचे ग्रुप लिहिले. क्लबात दहाचे ग्रुप सांगितले की लोक कीव करतात, कारण त्यांच्या सगळ्यांच्या रायफली अर्ध्या एमओएच्या असतात, तीन गोळ्यांच्या.

शंकासुर

सगळं ठीक पण हे कायदेशीर आहे का? घरी बंदूक "जोडायची"? इथे पुण्यात करता येईल का? मलाही हाताने करायची फार हौस आहे.

सव्वाइंची

अमेरिकेत ॲक्शन, म्हणजे जिच्यावर नंबर असतो तो भाग, हीच कायद्याने बंदूक. ती लायसन्सवाल्या दुकानातून घेतली की ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमी तपासली जाते. बॅरल, दस्ता, ट्रिगर हे सुटे भाग इथे कुरियरने घरी येतात. मी जुनी अख्खी रायफलच घेतली त्यामुळे सगळं एकाच फॉर्मात झालं. पण राज्याराज्यात फरक आहे, माझं टेक्सासचं सांगतोय.

भारतातलं जाणकारांनी सांगावं.

करवीरकर_५०मी

भारतातलं मी सांगते. शंकासुर दादा, हौस आवरा. १९५९ च्या आर्म्स ॲक्टच्या कलम ५ प्रमाणे लायसन्सशिवाय शस्त्र बनवणं तर सोडाच, दुरुस्त करणं किंवा त्यात बदल करणं हाही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा आणखी कडक झालीये. आमच्याकडे रायफलीला काहीही झालं तर ती अधिकृत माणसाकडेच जाते. घरी नट फिरवणं वगैरे विसरायचं.

मी कोल्हापूरची, दहा वर्षं ५० मीटर मारतेय, मोठं नाव नाही, राज्यस्तरापर्यंत. पण आमच्या खेळातली रायफलसुद्धा बोल्ट ॲक्शनच असते हो, .२२ ची. आणि बजेटचं दुखणं इथे जास्त. नवी परवडत नाही म्हणून बहुतेकांची सुरुवात क्लबच्या नाहीतर सीनियरच्या जुन्या ॲनशुट्झवर होते. ॲनशुट्झ आणि वॉल्थर दोन्ही कंपन्या जर्मनीत उल्म या एकाच गावच्या, आमच्यात गंमतीने म्हणतात की उल्मला नारळ फोडून यायला पाहिजे. ५४ नंबरच्या ॲक्शनची वीस-वीस वर्षं जुनी रायफल अजून दहात मारते, फक्त मारणारा पाहिजे.

आणि धाग्यात एक गोष्ट कोणी बोललंच नाही. गोळ्यांचा लॉट, म्हणजे एका वेळी बनलेली खेप! .२२ मध्ये त्याच कंपनीची, त्याच खोक्याची, पण वेगळ्या लॉटची गोळी तुमच्या बॅरलमधून वेगळी वागते. ज्यांना जमतं ते रायफल शिकंज्यात आवळून पाच-सात लॉट टेस्ट करतात आणि जो बसेल तो वर्षभराचा उचलतात. आमच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०.४ मिमी, गोळी ५.६ मिमी, कडेला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य ८ मिमीपर्यंत चुकलेला चालतो. शिकंज्यातच ग्रुप १६ मिमी येत असेल तर माणसाला चुकायला जागाच उरली नाही ना.

शंकासुर

ताई, हौस आवरली. मग माझ्यासारख्याने काय करायचं?

करवीरकर_५०मी

१० मीटर एअर रायफल. .१७७ ची, २० ज्यूलच्या आतली असेल तर शस्त्र लायसन्स लागत नाही. जवळच्या क्लबात जा, आधी त्यांचीच वापरा, सहा महिने तरी विकत घेऊ नका. बालेवाडीला रेंज आहेच. हाताने काही करायचंच असेल तर दस्त्याची गालाची पट्टी स्वतःच्या मापाला बसवा, त्यातच दोन महिने जातील.

आणि स्वप्नील कुसाळेचं तर माहीतच असेल, आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा रेल्वेत टीसी, २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ४५१.४ मारून ब्रॉन्झ आणलं. त्याच्या आधी २०१० ला म्युनिकमध्ये आमची तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनला (पालथं पडून) वर्ल्ड चॅम्पियन झाली. कोल्हापुरात काय नुसता तांबडा-पांढराच नाही!

एचवनबीवाला

सव्वाइंची दादा, मी ऑस्टिनला आहे, एच-१बी वर. ऑफिसातले गोरे लोक रेंजवर बोलावतात. मी पण अशी एक जुनी घेऊन ठेवू का? दुकानवाला म्हणतो काही प्रॉब्लेम नाही.

सव्वाइंची

थांब रे बाबा!! दुकानवाल्याच्या भरवशावर व्हिसा घालवू नकोस. फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच मनाई आहे, काही अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे वैध हंटिंग लायसन्स. मित्राच्या रेंजवर जायच्या आधीसुद्धा वकिलाला विचार, दोनशे डॉलर गेले तरी चालतील. मी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत नुसते व्हिडिओ बघितले, अकरा वर्षं. म्हणून तर हिशोब इतका पक्का होता.

जर्सीची_मीनल

मला हा विषयच आवडत नाही, आमच्या शाळेत मुलांना लॉकडाऊन ड्रिल करायला लावतात तेव्हा पोटात गोळा येतो. तरी वाचला. रायफल घरी ठेवता कुठे? मुलं आहेत ना?

सव्वाइंची

मीनल ताई, प्रश्न रास्त आहे आणि तुमच्या आवडी-नावडीवर माझं काही म्हणणं नाही. मुलगी नऊ वर्षांची आहे. रायफल तिजोरीत, बोल्ट काढून दुसऱ्या कुलपात, गोळ्या गराजमध्ये तिसऱ्या कुलपात. तिजोरी दीड हजारात धरली नाही कारण ती रायफलच्या आधी घेतली, बायकोची पहिली अट तीच होती. बोल्ट काढला की बोल्ट ॲक्शन म्हणजे नुसती नळी.

टूलरूम_भोसरी

तो नट फिरवून हेडस्पेस जुळवण्याचा प्रकार जरा सांगा की. मला तर ते सेटिंग नट पद्धतीचंच वाटतंय. अंदाजे चालतं?

सव्वाइंची

अंदाजे अजिबात नाही. बोल्टचं तोंड आणि काडतूस जिथे टेकतं ती जागा यातलं अंतर म्हणजे हेडस्पेस. जास्त झालं तर पितळी केस ताणून फाटू शकते आणि तो गॅस तुमच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर असतो. त्याला गो आणि नो-गो असे दोन गेज येतात, तुमच्या प्लग गेजसारखेच. गोवर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गोवर होता कामा नये. मी गेज क्लबातल्या एकाचे आणले आणि पहिल्या वेळी तो शेजारी उभा होता, वर एकदा गनस्मिथकडून तपासून घेतलं, चाळीस डॉलर. (हे हिशोबात नाहीत, पकडलात तर पकडलात.) दीड हजारातले चाळीस वाचवायची ही जागा नाही.

खोडसाळ_गणिती

१५३५.

आता स्कोपचं सांगा. ४०० च्या जुन्या स्कोपवर विश्वास कसा ठेवलात?

सव्वाइंची

ठेवला नाही, मोजला. १०० यार्डावर उंच कागद, लंबक लावून सरळ उभी रेघ काढली, खाली नेम धरून पाच गोळ्या, मग बुरुज (स्कोपवरची नेम वर-खाली करायची चकती) ३० एमओए वर फिरवून तोच नेम धरून परत पाच. दोन ग्रुपांच्या मध्यांत ३१.४ इंच अंतर यायला पाहिजे. माझं आलं ३०.६. म्हणजे स्कोप अडीच टक्के कमी चालतो. परत केला नाही, कारण प्रत्येक वेळी तेवढाच कमी चालतो, आणि खोटं बोलणारा पण नेहमी तेवढंच खोटं बोलणारा माणूस व्यवहाराला बरा. कोष्टकात अडीच टक्के घालून टाकले, बुरुजावर पट्टी चिकटवली.

करवीरकर_५०मी

मॅच मारलीत की नाही अजून? नुसतं बेंचवरचं सांगताय.

सव्वाइंची

मारली, परवाच्या रविवारी. सांगायचं टाळत होतो. ६० गोळ्या, ६०० पैकी ५५१. अठरा जणांत पंधरावा.

पण घरी येऊन सगळी भोकं आलेखाच्या कागदावर मांडली. शेवटच्या वीस गोळ्यांचा उभा पसारा सात इंच. आडवा एकोणीस! ६०० यार्डावर दहाचं वर्तुळ सहा इंचांचं, आणि .३०८ ची १७५ ग्रेनची गोळी ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात तिथे तीसेक इंच वाहते, म्हणजे वारा फक्त एक मैलाने चुकीचा वाचला तरी गोळी मध्यावरून दहाच्या कडेला. मी तर तीन-तीन मैलांनी चुकत होतो. दुपारी झेंडे डावीकडे आणि पलीकडची झाडं उजवीकडे, मी झेंड्यांवर विश्वास ठेवला.

रायफलीने तिचं काम केलं, उभ्यात ती कुठे गेलीच नाही. अजून दोन हजार घालून अर्ध्या एमओएचं बॅरल आणलं असतं तरी आडवे एकोणीसचे फार तर अठरा झाले असते. आणि मॅचच्या गोळ्या दीड-दोन डॉलरला एक पडतात, वारा शिकायला हे फार महाग.

करवीरकर_५०मी

मग .२२ घ्या! खरंच सांगते. हळू गोळी, १०० मीटरवरसुद्धा वारा तिला हवा तसा नाचवतो. तुमचं ६०० यार्डाचं दुखणं शंभरावर स्वस्तात भोगायला मिळेल. झेंड्या विकत आणू नका, काठीला पातळ रिबन बांधा, २० मीटरवर एक, ५० वर एक, ८० वर एक. आणि गोळी मारायच्या आधी वारा किती ते वहीत लिहा, मग मारा, मग भोक बघा. आधी लिहायचं, नाहीतर मन नंतर सोयीचा आकडा सांगतं.

खोडसाळ_गणिती

आधी लिहायचं याला प्रचंड अनुमोदन.

सव्वाइंची

.२२ चं वापरलेलं सीझेड ४५७ एका सभासदाकडे आहे, साडेतीनशे मागतोय. घरी विषय काढला. उत्तर आलं की आधी फ्रिजवरचा फोटो काढ, तिथे किराण्याची यादी लावायचीये.

फोटो काढलाय. रिबन मुलीच्या क्राफ्टच्या डब्यातून तीन रंगांची मिळाली, शनिवारी पाऊस नसेल तर जातोय, वहीचे फोटो इथेच टाकतो.

टूलरूम_भोसरी

गेज परत केलेत का त्या माणसाचे? गेज लोक परत करत नाहीत, आमच्याकडे रजिस्टर ठेवावं लागतं.

सव्वाइंची

अरे देवा. गाडीतच आहेत.